सुरगाठ

माढा तालुक्यात सीनेच्या काठावर माझ्या मोठ्या मामांची वस्ती आहे. सीना ही आमच्या लेखी कोरडी नदी. भीमेला उजनीचा आधार, सीनेला आभाळाचा, असं मामी म्हणायची, आणि आभाळही बहुतेक वर्षी हात आखडताच घ्यायचं. त्याच सीनेला 2025 च्या सप्टेंबरात असा पूर आला की करमाळ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंत काठच्या गावांत पाणी शिरलं आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. मामांच्या वस्तीवर बोट आली. मामी, सून, नातवंडं बसली. मामा बसले नाहीत.

गोठ्याच्या मागे त्यांचा कुत्रा, वाघ्या, साखळीनं बांधलेला होता. अर्धा करवानी, अर्धा गावठी, बाळ्याच्या खंडोबाच्या नावानं पाळलेला. बोटीत जागा माणसांपुरतीच होती. मामा म्हणाले, "तुम्ही व्हा म्होरं. मी मागल्या खेपेला येतो." मागली खेप कधी येणार, येणार की नाही, हे बोटवाल्यालाही ठाऊक नव्हतं. मामा कमरेएवढ्या पाण्यातून गोठ्यामागे गेले. साखळीचा हूक गंजलेला, खुंट्याला तारेचे पीळ. अंधारात चाचपडत शेवटी त्यांनी विळ्यानं गळपट्टाच कापला. तोवर पाणी छातीला लागलं होतं. रात्र दोघांनी पत्र्यावर काढली. पहाटे दुसरी बोट आली. तिच्यातल्या पोरानं वाघ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि काही न बोलता सरकून जागा केली.

पुढं ज्या शाळेत लोकांची सोय केली होती, तिथं कुत्र्याला आत घेणार नाही म्हणून सांगितलं. तेही एका अर्थानं बरोबर होतं. वर्गात लहान मुलं, बाळंतिणी, आजारी माणसं दाटीवाटीनं झोपलेली. मग मामा फाटकाबाहेर निंबाखाली ओल्या गोणपाटावर दोन दिवस बसून राहिले. सदुसष्ट वर्षांचा माणूस. येणारे-जाणारे म्हणत, म्हातारा हट्टी आहे. मामी चिडून रडली. मीही पहिल्या दिवशी फोनवर त्यांना ओरडले, "मामा, कुत्र्यासाठी जीव घालवणार होता का?" ते एवढंच म्हणाले, "पोरी, मीच बांधला हुता त्येला."

या वाक्याला माझ्याकडं त्या दिवशी उत्तर नव्हतं आणि आजही नाही. बांधलेलं जनावर स्वतःचा जीव वाचवू शकत नाही. मोकळं असतं तर पोहलं असतं, बांधावर चढलं असतं, निदान धडपडलं असतं. त्याच्या गळ्यात दावं आपण घातलं, म्हणून सुटकेचा भारही आपल्यावर आला. मामा हट्टी नव्हते. हिशेबाला पक्के होते. चूक झाली ती आम्हा बाकीच्यांची, कारण त्यांच्यावर असा हिशेब मांडायची वेळ येईल याचा विचार घरात, गावात, तालुक्यात कुणीच केला नव्हता.

माझं म्हणणं असं की संकटात पाळलेल्या जनावराची सोय हा माणसांच्याच बचावाचा भाग आहे, आणि तो आराखड्यात लिहिलेला असला पाहिजे. 'आधी माणसं वाचवू द्या, मग कुत्र्या-मांजरांचं बघू' हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण प्रत्यक्षात जनावर मागं राहिलं की माणूस मागं राहतो, किंवा निघालेला माणूस परत फिरतो. बोटीला दुसरी खेप करावी लागते. ती खेप दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीची असते.

अमेरिकेनं हे फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलं. 2005 च्या ऑगस्टात कतरिना चक्रीवादळानं न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, तेव्हा बसमध्ये आणि निवाऱ्यांमध्ये पाळीव प्राण्यांना मनाई होती. पुढच्या वर्षीच्या एका पाहणीत, जे लोक शहर सोडून निघाले नाहीत त्यांच्यापैकी सुमारे 44 टक्के लोकांनी न निघण्याच्या कारणांत आपलं पाळीव जनावर सांगितलं. 2006 मध्ये तिथं कायदा झाला. केंद्राची मदत हवी असेल तर राज्यांनी आणि शहरांनी आपल्या आपत्ती आराखड्यात पाळीव प्राण्यांचीही सोय धरली पाहिजे, असं त्यात आलं. तिथल्या सरकारला अचानक कुत्र्यांचा उमाळा आला असं समजू नये. कुत्र्यापायी माणसं अडकतात हे त्यांच्या ध्यानात आलं.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, ते श्रीमंत आहेत. ठीक आहे. मग आपल्या सांगोल्याचं, मंगळवेढ्याचं घेऊ.

चारा छावणी ही गोष्ट सोलापूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. 2012-13 च्या दुष्काळात, पुन्हा 2018-19 मध्ये, आपल्याकडं माळावर पाचटाच्या आणि शेडनेटच्या सावल्या उभ्या राहिल्या, आणि त्याखाली हजारो जनावरं आणि त्यांच्याबरोबर माणसंही महिनोन्‌महिने राहिली. 2019 मध्ये मोठ्या जनावरामागं दिवसाला 90 रुपये आणि लहान जनावरामागं 45 रुपये सरकार देत होतं, पुढं ते 100 आणि 50 झाले. छावण्यांतले गैरव्यवहारही गाजले, चौकश्या झाल्या, त्यावर मी पांघरूण घालत नाही. पण जगात फार थोड्या ठिकाणी असं झालं असेल की सरकारनं आणि समाजानं मान्य केलं, दुष्काळात माणूस आणि त्याचं जनावर वेगळं करायचं नाही, दोघांना एकाच सावलीत ठेवायचं. म्हातारे बैलाशेजारी बाज टाकून झोपत होते. पोरं छावणीतूनच शाळेला जात होती. हे आपणच करून दाखवलं आहे.

त्या छावण्यांत कुत्रीही होती. प्रत्येक कुटुंबामागं एखादं तरी आलेलंच होतं. कुठल्याही नोंदवहीत त्यांचं नाव नव्हतं, त्यांच्यामागं एक रुपयाही येत नव्हता, आणि तरी ती जगली. भाकरीचा तुकडा प्रत्येकाच्या ताटातून बाजूला पडत होता. रात्री चाऱ्याच्या गंजीपाशी तीच जागी असायची.

म्हणजे तत्त्व आपण केव्हाच मान्य केलं आहे. राहिलंय ते त्याची व्याप्ती वाढवायचं. इथं नेहमीचा आक्षेप येतो: खिल्लार बैल, पंढरपुरी म्हैस ही पोटापाण्याची साधनं, त्यांची गोष्ट वेगळी, कुत्रं-मांजर म्हणजे हौस. सरकारी मदतीचे निकष याच विचारावर उभे आहेत. आपत्तीत दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500 रुपये, ओढकामाचा बैल गेला तर 32,000, शेळी-मेंढी गेली तर 4,000, कोंबडीला 100. कुत्र्याची त्या यादीत ओळच नाही. आता ज्या धनगराच्या दोनशे मेंढ्या सांगोल्याच्या माळावर रात्री लांडग्यापासून राखल्या जातात, त्याला विचारा की त्याचं कुत्रं हौसेचं आहे का. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपासच्या गवताळ माळांवर लांडगे आहेत, आणि ते असायलाही हवेत. मेंढपाळ त्यांच्याशी वैर न धरता जगू शकतो तो कुत्र्याच्या जिवावर. मेंढीचे 4,000 मिळतात, मेंढी राखणाऱ्याचा आकडा शून्य.

आणि समजा एखादं जनावर खरोखर निव्वळ मायेपोटी पाळलेलं आहे. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीशी दिवसभर मांजर बसतं, एकट्या राहणाऱ्या निवृत्त गिरणी कामगाराच्या दाराशी कुत्रं बसतं. त्या माणसाला बोटीत बसवायचं असेल तर त्याच्या मायेची किंमत आपल्याला पटते की नाही हा प्रश्नच उरत नाही. तो जनावराशिवाय हलणार नाही, एवढी वस्तुस्थिती पुरे आहे. 2022 मध्ये युक्रेनमधून आपली मुलं परत आणताना काही मुलं आपल्या कुत्र्या-मांजरांना सोडून यायला तयार नव्हती, तेव्हा केंद्र सरकारनं पाळीव प्राणी देशात आणण्याच्या अटी एकवार शिथिल केल्या. युद्धातून विमानानं मांजर येऊ शकतं, तर सीनेच्या पुरातून बोटीनं का नाही?

घाबरून केलेल्या गोष्टी पुढं फार दिवस छळतात. 1939 च्या सप्टेंबरात ब्रिटननं युद्ध पुकारलं, आणि पहिल्याच आठवड्यात एकट्या लंडन शहरात सुमारे 4 लाख कुत्री-मांजरं त्यांच्या मालकांनीच मारवून घेतली. सरकारच्या आशीर्वादानं निघालेल्या एका पत्रकात सल्ला दिला होता की जनावरांना खेड्यात पाठवा, शेजाऱ्याकडं ठेवा, तेही जमत नसेल तर मारून टाकणं हीच दया. लोक दवाखान्यांपुढं रांगा लावून उभे राहिले. तेव्हा लंडनवर एकही बॉम्ब पडलेला नव्हता. शिधावाटप सुरू झालं ते 1940 च्या जानेवारीत, आणि शहरावरचे मोठे हवाई हल्ले सुरू झाले 1940 च्या सप्टेंबरात, म्हणजे पूर्ण एका वर्षानं. त्या जनावरांना भुकेनं मारलं नाही, बॉम्बनंही नाही. पुढं काय होईल या धास्तीनं मारलं.

आपणही याहून फार वेगळे नाही. 2020 च्या टाळेबंदीत कुत्र्या-मांजरांपासून कोरोना होतो अशी आवई उठली, आणि आमच्याच भागात दोन घरांनी गळ्यात पट्टा असलेली कुत्री रात्री रस्त्यावर सोडून दिली. त्यातलं एक पांढरं, केसाळ, घरात वाढलेलं. गल्लीतल्या कुत्र्यांनी त्याला तीन दिवसांत फाडलं. ते ज्यांचं होतं ती माणसं वाईट नव्हती, त्यांच्या घरात म्हातारी आजी होती आणि ती भ्यालेली होती. पण भीती खरी असली म्हणून केलेली गोष्ट बरोबर ठरत नाही. उपाशी-तहानेलं पडेल अशा अवस्थेत जनावराला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. आज या पैशात दोन चहा येतात. एवढ्यावरून कायद्याच्या लेखी त्या जिवाचं वजन किती ते कळतं.

आता खरा कठीण भाग. संकट लांबलं, अन्न कमी पडलं, तर घरातल्या जनावराला काय घालायचं? हा प्रश्न टाळून कुणी प्राणिप्रेमाच्या गोष्टी करू नयेत, कारण संकटात घर चालवणारी बाई पहिल्यांदा हाच विचार करते. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

वीस किलोच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1,000 किलोकॅलरी लागतात. मोठ्या माणसासाठी मदतकार्यात 2,100 धरतात. म्हणजे कुत्रं म्हणजे अर्धा माणूस. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 350 किलोकॅलरी, म्हणजे तीनशे ग्रॅम पिठात, तीन-चार भाकऱ्यांत त्याचा दिवस निघतो. बरोबर थोडं ताक, डाळीचं पाणी, आठवड्यातून दोन-चार अंडी मिळाली तर उत्तम. आणि इथं सोलापूरकराच्या हातात एक हुकमी गोष्ट आहे: कडक भाकरी. आपल्या बायका पापडासारखी पातळ, खुटखुटीत वाळवलेली ज्वारीची, बाजरीची भाकरी करतात, आणि कोरड्या डब्यात ती महिनाभर टिकते. परदेशी कंपन्यांच्या कुत्र्याच्या खाद्याची महागडी पोती ज्याला परवडत नाहीत, त्यानं घरातल्या भाकऱ्यांबरोबर कडक भाकरीचा एक डबा जनावराच्या नावानं बांधून ठेवावा. पाण्यात भिजवली की झालं. शेंगाचटणी मात्र लावू नये. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि बेदाणे तर त्याहून घातक, कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पंढरपूर भागात घरोघरी बेदाणा असतो आणि मदतीच्या पाकिटांतही तो येतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. लाडानं घातलेली मूठ जिवावर बेतेल.

मांजराचं गणित निराळं आहे. ते भाकरीवर जगत नाही. त्याला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांस-मासळीतूनच मिळतो, आणि कमी पडला की डोळे आणि हृदय जातं. पण मांजर स्वतःचं पोट बरंचसं स्वतः भरतं, आणि पूर ओसरल्यावर जेव्हा उंदीर उरलेल्या धान्यावर तुटून पडतात, तेव्हा त्याच्याइतका उपयोगी घरात दुसरा कुणी नसतो. उंदरांच्या मुतानं पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पुरानंतर हटकून डोकं वर काढतो, हे डॉक्टर सांगतातच.

पाणी म्हणाल तर वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक लिटर, उन्हाळ्यात थोडं जास्त. माणसामागं मदत छावणीत किमान 15 लिटर धरतात. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि प्रत्येक घरात पिंप, हंडे, कळशा भरून ठेवायची सवय मुरलेली आहे, तिथं एक लिटरसाठी कुणी हात झटकू नयेत.

म्हणजे पहिले दहा-पंधरा दिवस जनावर जगवणं अवघड नाही. आणि आपल्याकडची बहुतेक संकटं, पूर, वादळ, टाळेबंदीचे पहिले दिवस, इतकीच लांब असतात. 'लोकांना खायला नाही आणि तुम्हाला कुत्र्याची पडलीय' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

पण दुष्काळ पंधरा दिवसांचा नसतो. माझ्या आजीनं 1972 बघितलेला. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकऱ्या खाल्ल्या. त्या साली लोकांनी बैल कवडीमोलानं विकले, गाई सोडून दिल्या. आजीच्या घरातही एक कुत्री होती. तिचं काय झालं ते आजी कधीच सांगायची नाही. विचारलं की पदरानं तोंड पुसायची आणि उठून जायची. लेकराच्या तोंडचा घास काढून कुत्र्याला घाला असं मी कुणालाही सांगणार नाही. तशी वेळ आलेल्या बाईनं जे केलं, त्याचा न्याय करायला मी बसणार नाही. माणूस आधी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बोटीत एकच जागा असेल आणि किनाऱ्यावर मूल आणि कुत्रं दोन्ही असेल, तर मूल. त्यावर चर्चा नको.

माझी तक्रार आहे ती या टोकाच्या क्षणाचं उदाहरण देऊन आधीची सगळी तयारी टाळणाऱ्यांबद्दल. एकच जागा उरण्याआधी बरेच दिवस हातात असतात. हवामान खात्याचा इशारा असतो, धरणातून पाणी सोडणार असल्याची दवंडी असते. त्या काळात काहीच करायचं नाही, आणि शेवटी म्हणायचं 'माणूस आधी', हे मला मान्य नाही.

नामदेवांची गोष्ट आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. कीर्तनात ही गोष्ट आली की पंढरपूरचं वाळवंट हसतं आणि डोळे पुसतं. अक्कलकोटात दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, तिला आपण हार घालतो. आणि निवारा केंद्राच्या फाटकावर मात्र कुत्र्याला हाड म्हणतो. श्रद्धेवरून कुणाला टोचायचं म्हणून हे लिहीत नाही. आपल्या मनात या जनावराला जागा आहे, आराखड्यात नाही, एवढंच म्हणते.

निवारा केंद्रात कुत्रं नको म्हणणाऱ्यांच्या भीतीत तथ्य आहे आणि ते मी खाली ढकलत नाही. घाबरलेलं कुत्रं चावतं. आयुष्यात कधी न चावलेलंही चावतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. शाळेच्या खोलीत पन्नास माणसं, त्यात वीस लेकरं, आणि मध्ये चार अनोळखी कुत्री, हे मलाही नको. उपाय त्यांना फाटकाबाहेर हाकलण्याचा नाही, वेगळी जागा करण्याचा आहे. प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेला पडवी असते, सायकलींची शेड असते, स्वयंपाकाची जुनी खोली असते. तिथं खुंट्या ठोकाव्यात, आणि एक रजिस्टर ठेवावं, कुणाचं जनावर, लस टोचली का. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला एक माणूस लसीची पेटी घेऊन दिवसातून एकदा यावा. ज्याचं जनावर त्यानंच त्याला घालायचं आणि त्याचं काढायचं. याला काही कोटींचा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या आपत्ती आराखड्यात चार ओळी लागतात आणि पावसाळ्याआधीच्या बैठकीत त्या कुणीतरी मोठ्यानं वाचाव्या लागतात. मामा निंबाखाली बसले होते तिथून वीस पावलांवर त्या शाळेची सायकल शेड होती. रिकामी.

सरकारकडून एवढं मागितल्यावर पाळणाऱ्यांकडंही वळते, कारण या बाबतीत आपला समाज फार सैल आहे. लस न टोचलेलं जनावर घेऊन कुणी निवाऱ्याच्या दारात उभं राहू नये, तो हक्क त्यानं आधीच घालवलेला असतो. सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 पर्यंत जातो आणि त्याच शहरात लोक बर्फाळ मुलखातली दाट केसांची कुत्री हजारो रुपये मोजून आणतात, पंख्याखाली, वातानुकूलित खोलीत ठेवतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. दोन दिवस वीज गेली की पहिलं तेच जाणार. असं जनावर इथं आणणं ही क्रूरताच आहे, ती करताना त्याला वाढदिवसाचा केक भरवला म्हणून कमी होत नाही. आपल्या मुलखाचं करवानी आहे, पश्मी आहे, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे गल्लीत जन्मलेलं गावठी आहे. ऊन, भूक, पायपीट या तिन्हीला ते पिढ्यान्‌पिढ्या सरावलेलं असतं.

पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दल एवढंच, की आपला रानपोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मुळातच गुन्हा आहे.

किती जनावरं पाळावीत याला माझ्यापुरतं एक माप आहे. घरात जे वाहन आहे, त्यावर माणसं बसवून झाल्यावर जेवढी जनावरं नेता येतील तेवढीच. मोटारसायकल असेल तर एक कुत्रं, नाहीतर पिशवीत एक मांजर. तीसेक किलोचं कुत्रं घरातल्या कुणालाच उचलता येत नसेल तर ते पायऱ्यांवरून, पाण्यातून कसं न्यायचं ते आज ठरवावं. मांजर हातात धरून पळता येत नाही, ते ओरबाडून निसटतं. उशीच्या जाड अभ्र्यात घालून तोंड सैल बांधलं तर येतं. चावणाऱ्या कुत्र्याचं तोंड सुती पट्टीनं कसं बांधायचं हे पशुवैद्याकडून पाच मिनिटांत शिकता येतं, आणि धाप लागलेल्या कुत्र्याचं तोंड फार वेळ बांधून ठेवायचं नसतं हेही. लसीचा कागद आणि जनावराबरोबरचा आपला एक फोटो रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावा. पट्ट्यावर फोन नंबर लिहावा. चुकामूक झाली तर शोधणाऱ्याला दुसरं काही कळायचा मार्ग नसतो.

आणि नेणं शक्यच नसेल, बोट खरोखर भरली असेल, तर निदान सोडून द्या. गोठ्याचं दार उघडा, दावी कापा, साखळी काढा. पाणी ओसरल्यावर मी वस्तीवर गेले होते. शेजारच्या रानात एक कुत्रं साखळीच्या टोकाला, खुंट्यापासून साखळी पोचेल तितकं वर, बांधाच्या दिशेनं ताणलेल्या अवस्थेत पडलेलं होतं. बांध दोन हात लांब होता. त्याच्या मालकाला मी भेटले. त्याच्या दोन म्हशी गेल्या होत्या, ऊस आडवा झाला होता, घरात गुडघाभर चिखल होता, आणि तो माणूस म्हशींबद्दल न बोलता त्या साखळीबद्दल बोलत होता. "एवढं एक ध्यानात आलं न्हाई बगा," असं तो तीन वेळा म्हणाला.

मामांनी त्यानंतर साखळी विकून टाकली. भंगारवाल्यानं वजनावर घेतली. आता वाघ्या सुती सोलानं बांधलेला असतो, आणि खुंट्याला निरगाठ नाही, सुरगाठ. जनावरानं कितीही ओढलं तरी ती घट्ट बसते, माणसानं मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. गोठ्यातल्या दोन्ही गाईंनाही तशीच. मामांनी ती गाठ घरातल्या सगळ्यांना शिकवली. मामीला अंधारात डोळे मिटून सोडायला लावली. सहा वर्षांच्या नातवाला तर रोज संध्याकाळी हेच काम. तो टोक ओढतो, गाठ सुटते, वाघ्या पळत बांधापर्यंत जातो आणि शेपूट हलवत परत येतो, आणि पोरगा जीभ दाताखाली धरून पुन्हा गाठ मारायला बसतो.